शब्द न् शब्द कळला, तरी भांडण का झालं?

दर दोन-चार महिन्यांनी आपल्या सीमाभागातला एखादा व्हिडिओ फिरायला लागतो. कधी बसमधे तिकिटावरून, कधी बँकेत स्लिपवरून, कधी दुकानाच्या पाटीवरून. एकजण कन्नडमधे बोलतोय, दुसरा मराठीत, आवाज चढलेले आणि मागे चारजण मोबाईल धरून उभे. मग मुंबई-पुण्याकडचे पाव्हणे फोन करून विचारतात, तुमच्याकडे लोकांना एकमेकांची भाषा कळत नाही काय? आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात बाजारात बसणारी भाजीवाली पण दोन भाषांत हिशोब करते आणि गरज पडली तर तिसरीत घासाघीस करते. भाषा कळते हो. कळूनच भांडण होतंय, आणि ते का होतंय हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं.

आमचं बेळगावजवळ एका तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे, एका सरकारी कचेरीच्या समोरच. त्यामुळे असली भांडणं मी रोज बघते. मागच्या वर्षी आमच्या पुतणीला कॉलेजात मास कम्युनिकेशन विषय आला, तिला त्यातल्या 'सात परंपरा' काही केल्या कळेनात, म्हणून तिच्यासोबत मीही ते वाचायला बसले. वाचताना सारखी तात्यांची गोष्ट डोळ्यासमोर येत होती, म्हणून तीच धरून लिहिते.

आधी तात्यांची गोष्ट

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. एका कार्डावर त्यांचं नाव एक, दुसऱ्यावर दुसरंच, म्हणून दुरुस्तीचा अर्ज घेऊन आम्ही दोघं खिडकीशी गेलो. तात्या मराठीत म्हणाले, "साहेब, दोन्ही नावं माझीच हाईत, मीच हाय की ह्यो." खिडकीतल्या माणसाने अर्ज बघितला आणि म्हणाला, "कन्नडदाग बरकोंड बर्री." म्हणजे कन्नडमधे लिहून घेऊन या. तात्यांना ते कळलं, त्यालाही तात्यांचं कळलं होतं. तरी पाच मिनिटांत तात्या "आमचा हक्क हाय" म्हणून ओरडत होते आणि तो खिडकी लावून घेत होता.

घरी आल्यावर प्रत्येकाचं मत वेगळं. आई म्हणाली, तात्यांनी सुरुवातच चुकीची केली. भाऊ म्हणाला, सिस्टीमच बेकार आहे. शेजारचे काका म्हणाले, हा सगळा सत्तेचा माज. मला तेव्हा वाटलं यातलं एक कुठलंतरी बरोबर असणार, आणि पुतणीचं पुस्तक वाचल्यावर कळलं की हीच भांडणं जगभरचे अभ्यासक शंभर वर्षं करत आलेत.

ह्या परंपरा म्हणजे काय प्रकरण आहे?

माणसं एकमेकांपर्यंत अर्थ कसा पोचवतात याच्या अभ्यासाला आपल्याकडे विद्यापीठात संज्ञापन म्हणतात. मी पुढे साधं 'संवाद' म्हणणार आहे. या विषयात सिद्धांतांचा नुसता सुळसुळाट होता. १९९०च्या दशकात एकाने सात पाठ्यपुस्तकं चाळून मोजणी केली तर २४९ वेगवेगळे सिद्धांत निघाले, आणि त्यातले १९५ असे की ते फक्त एकाच पुस्तकात होते. म्हणजे एका पुस्तकातून शिकलेल्याला दुसऱ्या पुस्तकातलं ओळखीचंच वाटू नये अशी अवस्था.

मग अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉबर्ट क्रेग यांनी १९९९मधे एक लेख लिहिला. त्यांनी या पसाऱ्याचे सात गट केले, त्यालाच सात परंपरा म्हणतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी गट पाडताना विचारलेला प्रश्न. संवाद बिघडला तर तुमच्या मते नेमकं काय बिघडलं? प्रत्येक परंपरा याचं वेगळं उत्तर देते. घराला ओल आली की प्लंबर पाईप बघतो, गवंडी भिंत बघतो, म्हातारी सांगते की वरचं कौल सरकलंय. तिघांचं बघणं वेगळं असतं आणि म्हणून उपायही वेगळे असतात.

भाऊ म्हणाला ते: सिस्टीम आणि गोंगाट

सायबरनेटिक्स नावाची परंपरा आहे, ती संवादाकडे माहितीची ने-आण म्हणून बघते. १९४८मधे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी टेलिफोन-तारेसाठी गणित मांडलं. संदेश निघतो, मार्गावरून जातो, मार्गात गोंगाट मिसळतो, पलीकडे पोचतो. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की संदेशाचा अर्थ काय याच्याशी इथे आपल्याला देणंघेणं नाही, निघाला तसा पोचला का एवढंच बघायचं. त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनर यांचं सायबरनेटिक्सवरचं पुस्तक आलं, त्यात फीडबॅकचा विचार आहे, म्हणजे पोचलं का ते उलट कळणं आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करणं.

तात्यांच्या अर्जात हा गोंगाट कुठे होता ते मी दाखवू शकते कारण तो रोज माझ्या कीबोर्डवरून जातो. मराठी माणूस 'ज्ञ' इंग्रजीत डी-एन-वाय-ए असा लिहितो, ज्ञानेश्वर लिहितो तसा. कन्नड सवयीचा माणूस तेच अक्षर जे-एन-ए लिहितो, बेंगळुरूला ज्ञानभारती म्हणून विद्यापीठाचा परिसर आहे त्याचं स्पेलिंग तसंच आहे. अक्षर एकच, तोंडातून आणि बोटातून दोन वेगळी होऊन बाहेर पडतात. आता मराठी दाखल्यावरून एकाने इंग्रजी केलं, त्या इंग्रजीवरून कॉम्प्युटरने कन्नड केलं, त्या कन्नडवरून तिसऱ्याने परत इंग्रजी केलं, की एका माणसाची दोन माणसं तयार होतात. यात कुणाचा राग नाही, कुणाचा डाव पण नाही.

शॅनन यांनी यावर औषध पण सांगितलंय, ते म्हणजे पुनरावृत्ती. इंग्रजी लिखाणात साधारण निम्मा भाग असा असतो की तो गाळला तरी अर्थ लागतो, असा त्यांचा अंदाज होता, आणि हा जादाचा भागच गोंगाटात संदेशाला वाचवतो. म्हणून नावासोबत जन्मतारीख, वडलांचं नाव, शाळेचा दाखला हे सगळं मागतात. लोक वैतागतात की परत परत तेच काय मागताय, पण 'ज्ञ'वाल्या माणसाला शेवटी ती पुनरावृत्तीच तारते.

आई म्हणाली ते: सुरुवात कशी केली

सगळ्यात जुनी परंपरा वक्तृत्वाची, ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलपासूनची, इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकातली. समोरच्याला पटवायचं तर तीन गोष्टी लागतात: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावनेला हात आणि मुद्द्यातला तर्क. तात्यांचा तर्क बरोबर होता. पण पहिल्याच वाक्याला आवाज चढवला आणि पत तिथेच गेली. आमच्या सेंटरवर येणारे जुने लोक "नमस्कार्री सर" एवढं कन्नडमधे म्हणून पुढचं सगळं मराठीत बोलतात आणि काम करून येतात. याला कुणी लाचारी म्हणेल. मला ती समोरच्याचं दार वाजवायची रीत वाटते.

चिन्हांची परंपरा, आणि 'हाल'चा घोटाळा

फर्डिनांड द सोस्यूर हे स्वित्झर्लंडचे भाषाशास्त्रज्ञ, त्यांचे विचार त्यांच्या माघारी १९१६मधे पुस्तकात आले. त्यांचं म्हणणं, शब्द आणि त्याचा अर्थ यांचं नातं निसर्गाने घातलेलं नाही, समाजाने ठरवलेलं आहे. हे सांगायला लोक झाड-घोडा अशी उदाहरणं घेतात, आपल्याला तितकं लांब जायची गरजच नाही. आपल्याकडे 'हाल' म्हणजे दैना, कन्नडमधे हाल म्हणजे दूध. आपला 'काल' म्हणजे आदला दिवस, त्यांचा काल म्हणजे पाय. आपला 'ऊर' भरून येतो, त्यांचं ऊर म्हणजे गाव. तोच आवाज, दोन घरांत दोन अर्थ, आणि दोन्ही घरं शंभर टक्के बरोबर.

पण चिन्ह म्हणजे नुसते शब्द नाहीत. पाटीवरच्या अक्षरांचा आकार हे पण चिन्हच. २०२४मधे कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून पाटीवर ६० टक्के कन्नड बंधनकारक केलं. 'किराणा स्टोअर्स' हे वाचायला कुणालाच अडचण नव्हती, तरी भांडण झालंच, कारण एकाला ती मोठी अक्षरं 'हे आपलं घर' अशी दिसतात आणि दुसऱ्याला 'तू इथला नाहीस' अशी. गावाच्या नावाचं पण तेच. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, आणि आज बोलताना तुम्ही यातलं कुठलं नाव घेता यावरून लोक तुमचा पक्ष ठरवून मोकळे होतात, तुम्ही नुसतं बसची वेळ विचारत असलात तरी.

कुपवारची गोष्ट (इथे मी जरा थांबणार)

सामाजिक-सांस्कृतिक परंपरा म्हणते की संवाद म्हणजे नुसती ने-आण नाही, बोलता बोलताच आपण आपला समाज बांधत असतो. ह्याचं जगात गाजलेलं एक उदाहरण आपल्या शेजारचं आहे हे वाचून मी अक्षरशः पुस्तक बाजूला ठेवून पुतणीला हाक मारली.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१मधे एक लेख प्रसिद्ध केला, सांगली जिल्ह्यातल्या कुपवार नावाच्या गावावर. सुमारे ३००० वस्ती, कर्नाटकाची हद्द जवळ. गावात जैन कुटुंबं घरात कन्नड बोलायची, मुसलमान उर्दू, दलित मराठी, थोडे तेलुगू बोलणारे पण होते. पिढ्यान् पिढ्या लोक एकमेकांच्या रानात, बाजारात, दारात वावरत होते. तर अभ्यासकांना काय दिसलं, की या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी होऊन गेली होती की 'पाला जरा कापून घेऊन आलो' असं मराठी वाक्य घ्यायचं आणि एकेक शब्द उचलून तिथे कन्नडचा किंवा उर्दूचा ठेवायचा, वाक्य तयार. सांगाडा एकच झाला. पण शब्द? शब्द मात्र प्रत्येकाने आपापले धरून ठेवले होते.

हे असं का झालं असेल? रोजच्या कामाला सांगाडा एक असला की डोक्याला त्रास कमी, म्हणून तो जुळत गेला. पण घरातली भाषा ही आपण कोण याची खूण असते, ती पुसायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून शब्द वेगळे राहिले. जवळ येणं आणि वेगळं राहणं ही दोन्ही कामं लोकांनी एकाच वाक्यात केली. आपल्याकडचं 'करालाय, येऊ लागलाय' छापाचं बोलणं पुण्यात ऐकून लोक हसतात तेव्हा मला फार राग येतो. त्या बोलण्यात कित्येक पिढ्यांचा शेजार आहे, त्याला अशुद्ध म्हणणं म्हणजे तो शेजारच अशुद्ध म्हणण्यासारखं आहे.

याच गम्पर्झ यांनी पुढे इंग्लंडमधे एका विमानतळाच्या कँटीनचा अभ्यास केला. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका जेवण वाढायच्या. त्या फार बोलत नसत, पण कामगार आणि वरिष्ठ म्हणत की ह्या उद्धट आहेत. शोध घेतल्यावर निघालं एवढंच की "ग्रेव्ही" विचारताना इंग्रज बाई शेवटी सूर वर नेते, म्हणजे तो प्रश्न होतो, 'हवी का?' आपल्या बायका सूर खाली आणायच्या, आपल्या सवयीने. इंग्रज कानाला ते 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असं ऐकू यायचं. शब्द एकच, तोही बरोबर, आणि तेवढ्यावर माणूस उद्धट ठरतो.

आपल्याकडची ग्रेव्ही म्हणजे 'री'. इकडच्या कन्नडमधे आदर त्या एका 'री'त असतो. कोड्री म्हणजे द्या, नुसतं कोडु म्हणजे दे. आपली पोरं घाईने शिकलेलं कन्नड बोलताना ती 'री' गाळतात, साठ वर्षांच्या माणसाला "कोडु" म्हणतात, त्यांच्या मनात काही नसतं, पण समोरच्याचं डोकं फिरतं. आणि उलट, खिडकीतला माणूस तात्यांना "बर्री" म्हणाला होता, त्यात 'री' होती. रागाच्या भरात ती आम्हाला ऐकूच आली नाही.

फॉरवर्ड आणि चार आठवडे

समाजमानसशास्त्राची परंपरा प्रयोग करते, मोजते. १९५१मधे येल विद्यापीठातले कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी एकच मजकूर दोन गटांना दिला, एका गटाला विश्वासू माणसाच्या नावाने, दुसऱ्याला अविश्वासू नावाने. अणुपाणबुडीवरचा मजकूर एकीकडे शास्त्रज्ञ ओपनहायमर यांच्या नावावर, दुसरीकडे रशियाच्या 'प्रावदा' पेपरच्या नावावर होता. लगेच विचारलं तेव्हा विश्वासू नावाचा परिणाम जास्त होता. चार आठवड्यांनी परत विचारलं तर तो फरक जवळजवळ मिटलेला. लोकांच्या डोक्यात मजकूर राहिला, कुणी सांगितला ते निसटलं.

आता आपले व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. 'कुठला तरी एडिट केलेला व्हिडिओ आहे, लक्ष देऊ नका' असं आपणच त्या दिवशी म्हणतो. महिन्याने बसमधे कंडक्टर चढतो तेव्हा तो व्हिडिओ आठवतो, 'एडिट केलेला' हे आठवत नाही. तिकिटाचे पैसे काढायच्या आधीच आपण चिडलेले असतो, आणि तो पण.

समोर माणूस आहे हे दिसलं का?

फिनॉमिनॉलॉजी हे नाव अवघड आहे पण म्हणणं साधं आहे, की खरा संवाद म्हणजे समोरच्याचं वेगळेपण मान्य करून त्याला भेटणं. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९२३मधे दोन नाती सांगितली, 'मी-तू', म्हणजे समोरच्याला माणूस म्हणून भेटणं, आणि 'मी-ते', म्हणजे त्याला वस्तूसारखं बघणं. खिडकीतून त्याला तात्या दिसले नाहीत, एक अपुरा अर्ज दिसला. हे मी लगेच मान्य केलं. पण आम्हाला तरी त्या खिडकीत माणूस कुठे दिसला होता? आम्हाला तिथे आख्खं कर्नाटक सरकार बसलेलं दिसत होतं.

काका म्हणाले ते: मग सत्तेचं काय?

इथे बरेचजण म्हणतील की बाई, तुम्ही सूर आणि स्पेलिंगच्या गोष्टी सांगून मूळ प्रश्न झाकताय. फॉर्म एकाच भाषेत आहे, हा काय गैरसमज आहे? तर तो गैरसमज नाही, आणि हेच म्हणणारी सातवी परंपरा आहे, चिकित्सक परंपरा. जर्मनीतले तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास सांगतात की संवाद खरा तेव्हाच, जेव्हा प्रत्येकाला बोलायची, प्रश्न विचारायची, नाकारायची मुभा आहे आणि कुणावर दडपण नाही. खिडकीच्या एका बाजूला शिक्का आहे आणि दुसऱ्या बाजूला रांग, तिथे नुसता 'गोड बोला' हा सल्ला पुरत नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगितलंय, आणि ज्या भागात अशी लोकसंख्या १५ टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात हे धोरण केंद्र आणि राज्यांमधे फार पूर्वीच ठरलेलं आहे. ते मागणं म्हणजे भांडकुदळपणा नाही.

पण ही परंपरा एकाच बाजूला वळवून वापरता येत नाही. बाबासाहेबांनी १९२०मधे पाक्षिक काढलं त्याचं नावच 'मूकनायक' होतं, आणि ज्यांना बोलू दिलं नव्हतं ते मराठीच्या आतलेच होते. आपल्या मराठीच्या सभांमधे आजही स्टेजवर कोण बसतं, शेतमजूर बाईला माईक कधी मिळतो, हा प्रश्न पण याच परंपरेचा आहे आणि तो विचारला की आपल्यातलेच लोक नाराज होतात.

सातच का, आणि सगळं परदेशीच का?

सात हा आकडा काही पवित्र नाही. क्रेग यांनी स्वतःच दार उघडं ठेवलं होतं आणि २००७मधे त्यांनीच आठव्या, व्यवहारवादी परंपरेची चर्चा केली. आणि परदेशी म्हणाल तर नावं परदेशी आहेत हे खरंच. पण सोस्यूर यांचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृत व्याकरणावर होता, कुपवार तर इथलंच. आपल्याकडे नाट्यशास्त्रात रस प्रेक्षकापर्यंत कसा पोचतो याचा बारीक विचार आहे, तोही या यादीत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मग नेमकं कोण बरोबर?

पुतणीने परीक्षेच्या आदल्या रात्री हेच विचारलं. मी तिला म्हटलं, तात्यांचं स्पेलिंग चुकलंय त्याला सत्तेचं भाषण उपयोगी नाही, आणि फॉर्म एकाच भाषेत आहे त्याला 'नमस्कार्री' उपयोगी नाही. आधी कुठे बिघडलंय ते बघ.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. खिडकी बंद झाल्यावर आम्ही समोरच्या टपरीवर बसलो होतो, तात्या अजून धुसफुसत होते. थोड्या वेळाने तोच माणूस चहाला आला. त्याने बघितलं, क्षणभर थांबला आणि चांगल्या मराठीत म्हणाला, "काका, चहा घेणार काय? उद्या शाळेचा दाखला घेऊन या, बघूया आपण." गोफमन नावाच्या अभ्यासकांनी १९५९मधे लिहिलंय की माणसाला एक स्टेज असतं आणि एक विंग. शेटलंड बेटांवरच्या हॉटेलात त्यांनी बघितलेलं, वाढपी जेवणघरात एक आणि स्वयंपाकघरात वेगळेच. खिडकी त्याचं स्टेज होतं, तिथे त्याला मागे बसलेले साहेब ऐकत होते.

तात्या काही बोलले नाहीत, पण चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आम्ही परत गेलो, अर्ज मी कन्नडमधे लिहिला होता आणि त्याला मराठी प्रत जोडली होती, दोन्ही प्रती त्याने घेतल्या. तेव्हापासून सेंटरवर मी एक वही ठेवलीये, 'ज्ञ'ने सुरू होणारं नाव आलं की फॉर्म भरायच्या आधी ते मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिपींत त्या माणसाकडूनच वाचून घेते. मराठीतल्या फॉर्मसाठीचा सह्यांचा अर्ज पण काउंटरवरच ठेवलाय, त्यावर पहिली सही तात्यांची आहे.